तुलनेचं घर

"अजून थोडं मागं जावा की. गाडी येईना झालीय फोटोत."

मी मागे गेलो. मागे गटार होतं. ते मला माहीत होतं आणि त्या बाईंनाही माहीत होतं, पण गाडी नवी होती.

"आणि भरतेश, हात खिशातनं काढ. ताठ उभार. असं पावणं काय रोज रोज येत्यात व्हय?"

भरतेश ताठ उभारला. इतका ताठ की त्याच्या शेजारचा विजेचा खांब जरा कललेला वाटायला लागला. अंगावर कोरा शर्ट होता, घाईघाईत पिशवीतून काढून चढवलेला, आणि कॉलरच्या आतला पुठ्ठा काढायचा राहून गेला होता. त्यामुळे बिचाऱ्याला मान वळवता येत नव्हती.

मला फक्त घराचा फोटो हवा होता. गाडी नको होती आणि कॉलरमध्ये पुठ्ठा असलेला मुलगा तर नकोच होता. पण रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता आणि बाई फाटकाला टेकून उभ्या होत्या. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने घर्रघर्र करत रोल मागे गुंडाळला आणि विषय संपला.

"आला का चांगला?" बाईंनी विचारलं.

"धुतल्यावर कळेल."

"मग आता आत चला. उन्हात किती येळ उभारणार?"

ही गोष्ट मोबाईल यायच्या आधीची आहे, म्हणजे फोटो काढायला खिशात हात घालून भागत नसे, त्या काळातली. सांगलीत मी आवटी बाईंच्या हाताखाली काम शिकत होतो. बाई इंजिनिअर, आणि व्यवसाय घरांच्या किमती ठरवून देण्याचा. बँकेला कर्जासाठी किंवा भावंडांना वाटणीसाठी घराची किंमत लेखी हवी असली की माणसं बाईंच्या ऑफिसचा जिना चढायची. पद्धत तशी सोपी. ज्या घराची किंमत काढायची, त्याच्या आसपास त्याच्यासारखी कोणती घरं नुकतीच विकली गेली ते बघायचं आणि त्यांच्याशी तुलना करायची. त्यांना आम्ही तुलनेची घरं म्हणत असू. बाकीचे व्हॅल्युअर या तुलनेच्या घरांचे फोटो एजंटकडून मागवून घेत. आवटी बाईंचा मात्र हट्ट होता की तुलनेच्या प्रत्येक घराचा फोटो आपण स्वतः जाऊन काढायचा. आपण म्हणजे मी.

त्या दिवशी सकाळी मी बाईंशी वाद घातला होता. एजंटने त्या घराचा फोटो आधीच दिला होता, रंगीत आणि चांगला मोठा. गुलाबी भिंत, काळं फाटक, वर निळं आकाश.

"बाई, हाच चिकटवू या की. घर तेच, भिंत तीच. मी काढला म्हणून काय भिंत सरळ होणार आहे?"

"कोणी काढला हा?"

"एजंटने."

"मग एजंटने बघितलंय ते घर. आपण कुठे बघितलंय?"

"पण आत तर आपण तसंही जात नाही. रस्त्यावरूनच फोटो काढायचा ना?"

"रस्त्यावरूनच."

"मग फरक काय?"

"जाऊन ये," बाई म्हणाल्या, आणि चष्मा लावून दुसऱ्या कामाला लागल्या. बाईंशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी कॅमेरा उचलला.

तसं हे काम हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे आलेलं प्रकरण मगदूम बहीण-भावाचं होतं. आईवडिलांचं घर दोघांच्या नावावर. बहीण सुलोचनाताई, एकट्या, त्याच घरात राहायच्या आणि पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायच्या. भाऊ श्रीपाल पुण्याला. त्यांना मुलीच्या लग्नासाठी आपला हिस्सा मोकळा करून हवा होता. बाई जो आकडा काढतील त्याच्या निम्मे सुलोचनाताईंनी भावाला द्यायचे आणि घर ठेवायचं. देता आले नाहीत तर घर विकायचं, असं दोघांनी समजुतीने ठरवलं होतं. भांडण नव्हतं, आणि भांडण नसलेली वाटणीच जास्त अवघड असते, कारण कोणावर चिडताही येत नाही.

सुलोचनाताई ऑफिसात आल्या होत्या तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

"बाई, कमी लिहा असं मी म्हणणार नाही. भावाचं नुकसान करून मला घर नको. पण त्या मागच्या गल्लीतल्या घराचा भाव माझ्या घराला लावू नका. तेवढे मला या जन्मात जमायचे नाहीत."

"का लावू नको? तुमच्या घराएवढंच घर, तेवढंच जुनं. दिवाळीच्या आधी विकलं गेलंय."

"ती माणसं वेडी आहेत," सुलोचनाताई म्हणाल्या. "बेसुमार पैसे ओतले आणि अख्ख्या गल्लीचा भाव चढवून ठेवला. मी तर त्यांच्या दारावरूनसुद्धा जात नाही. दुधाला जायचं तरी वळसा घालून जाते."

माणसं वेडी आहेत, असं काही रिपोर्टात लिहिता येत नाही. घर तिथे होतं, खरेदीखत नोंदलेलं होतं, आकडा पक्का होता. तो भाव लागला असता तर सुलोचनाताईंची शिलाई मशिनं रस्त्यावर आली असती.

तर त्या वेड्या माणसांच्या घरात मी आता जाऊन बसलो होतो. चौगुले त्यांचं नाव. घरच्या बाईंना मी मावशी म्हणायला लागलो, कारण त्यांनी मला दुसरं काही म्हणायची संधीच दिली नाही.

"मावशी, मी खरं म्हणजे..."

"नाव सांगू नकासा. मी विचारणार पण न्हाई. घर चोरून बघायची रीत हाय, मला काय कळत न्हाई व्हय? आमच्या थोरलीच्या वेळी आम्ही तिच्या सासरच्या दारात सायकल पंक्चर झाल्याचं सोंग घेतलं हुतं. ह्यांनी बिचाऱ्यांनी चांगल्या सायकलीची हवा सोडली. तुम्ही तर कॅमेरा घेऊन उघड आलायसा. आवडलं मला."

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे सोयरीक जुळायच्या आधी मुलीकडचं कोणीतरी गुपचूप जाऊन मुलाचं घर बाहेरून बघून येतं. गल्लीत कोणी परका माणूस घराकडे टक लावून उभा राहिला की म्हणूनच आत पोह्याची फोडणी पडते. मी तर टक लावून, कॅमेरा घेऊन, वर घराची रुंदी पावलांनी मोजत उभा होतो.

"मावशी, मी तुलना करायला आलोय," मी शेवटचा प्रयत्न केला.

"करा की! चार घरं बघूनच मुलगी द्यावी माणसानं. भरतेश, आतलं कपाट उघडून दाव त्यांना."

भरतेशने कपाट दाखवलं. मग मोरी दाखवली, गच्चीचा जिना दाखवला, दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला असल्याचं ओळखपत्र दाखवलं. प्रत्येक वेळी वळायचं झालं की तो अख्खा वळायचा, पुठ्ठ्यामुळे. बोलायला मात्र शहाणा होता. जिन्यावर हळूच मला म्हणाला, "तुम्ही कंटाळलाय का? आई सोडणार नाही, पोहे झाल्याशिवाय."

पोहे आले. वर ओलं खोबरं, शेजारी लाडू, आणि दिवस बुडायच्या आत जेवूनच जायचं असा आग्रह. मावशी समोर बसल्या आणि पदर सावरून मुद्द्यावर आल्या.

"आता तुमच्यापासनं काय लपवायचं? दोन स्थळं अगदी हातातोंडाशी येऊन गेली. मुलगा पसंत, नोकरी पसंत. आणि मग, घर भाड्याचं हाय व्हय, म्हणून निरोप. दुसऱ्यांदा निरोप आला तवा हा आठ दिवस जेवताना बोलला न्हाई. मी म्हटलं, आता घर घेतल्याबगर मागं सरायचं न्हाई. हे घर दिसलं. मालकानं जो आकडा सांगितला तो दिला बघा. एक रुपायाची घासाघीस केली न्हाई."

माझा चमचा हातात थांबला.

"अजिबात नाही?"

"कशाला? घासाघीस करणाऱ्या घरात मुलगी कशी द्यावी, असं तुम्हीच म्हटला असतासा. मालक पण चकित झाला. मी म्हटलं, आकडा तुमचा, फक्त लग्नसराईच्या आत ताबा आमचा. गावातलं शेत इकलं, माझं गंठण मोडलं. पण आता कोण म्हणंल का भाड्याचं घर?"

त्यांनी उठून भिंतीवरून हात फिरवला. गुलाबी रंग हाताला लागत होता, तरी त्यांना त्याचं कौतुक होतं. मला एकदम वाईट वाटलं. घासाघीस न करता, गरजेपोटी दिलेला आकडा बाजारभाव धरत नाहीत. त्यांच्या त्या एका वाक्याने सुलोचनाताईंचं घर वाचणार होतं, आणि ते वाक्य त्या मला सांगत होत्या ते मी कोणीतरी दुसराच आहे असं समजून.

"बरं, मुलगी किती शिकलीय?" मावशींनी विचारलं.

"कुठली मुलगी?"

मग मी सगळं सांगितलं. मी मुलीचा भाऊ नाही, मामा नाही, कोणीच नाही. घराच्या किमती काढणाऱ्या बाईंकडून आलोय. पुढच्या गल्लीतल्या घरासाठी हे तुलनेचं घर आहे. मावशी ऐकत ऐकत मटकन पाटावर बसल्या. भरतेशने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तो हसायला लागला. आधी तोंड दाबून, मग पोट धरून. हसता हसता मान हलवायला गेला तर पुठ्ठा टोचला, तेव्हा कुठे त्याला तो सापडला.

"आई, हा पण फोटोत आलाय," तो पुठ्ठा नाचवत म्हणाला.

"हसतोस काय मेल्या!" असं म्हणत मावशीसुद्धा हसल्या, पण डोळे पुसून. मी बशी खाली ठेवली.

"ठेवताय काय? खावा. पोहे काय परत पोत्यात भरू आता?"

मी खाल्ले. निघताना मावशी फाटकापर्यंत आल्या.

"एक करा. मी जे बोलले ते तुमच्या कागदात लिहू नका. लग्नासाठी घर घेतलं म्हणून गावभर झालं तर लोक हसत्याल."

"नाही लिहिणार. खरेदीदाराची खास गरज होती, एवढंच लिहू."

"आणि आणखी एक. तुम्ही एवढी घरं फिरताय. कुठं चांगली मुलगी दिसली तर तोंडानं सांगायला माझी काय ना न्हाई."

ऑफिसात आल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकच प्रश्न विचारला, "घासाघीस केली नाही, असं स्वतः म्हणाल्या?" दुसऱ्या दिवशी त्या स्कूटरवरून घराच्या आधीच्या मालकाकडे गेल्या. मालक खुशीतच होता. म्हणाला, "बाई, मला विकायचंच नव्हतं. ब्याद टळावी म्हणून मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. ते हो म्हणाले. मी हसावं का रडावं तेच कळेना."

बाईंनी ते घर हिशोबातून वगळलं. नोंद मात्र ठेवली, कारण वगळलेलं घरसुद्धा फोटोसकट दाखवायचं ही बाईंची शिस्त. बाकीच्या दोन घरांच्या आधाराने जो आकडा आला, तो सुलोचनाताईंच्या आवाक्यात बसत होता. ओढूनताणून, पण बसत होता.

पुढच्या रविवारी दोघं बहीण-भाऊ रिपोर्ट घ्यायला आले. श्रीपालरावांबरोबर त्यांची मुलगी प्रणिता होती, पुण्यात औषधांच्या कंपनीत नोकरी करणारी. ती आत्याच्या शेजारी जाऊन बसली, वडिलांच्या नाही. माझ्या लग्नासाठी आत्याचं घर जाणार असेल तर मला लग्नच नको, असं ती येताना गाडीत वडिलांना सांगून आली होती, हे नंतर कळलं.

श्रीपालरावांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. लोभी माणूस नव्हता तो, पण एजंटने त्यांना मोठ्या आकड्याचं गाजर दाखवलं होतं.

"बाई, मागच्या गल्लीतलं घर का वगळलं?"

"ती किंमत घराची नाही म्हणून."

"मग कशाची आहे?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. सुलोचनाताई दोन्ही हातांनी पदराचं टोक पिळत होत्या.

प्रणिताने टेबलावरची रिपोर्टची आमची प्रत स्वतःकडे ओढली. फोटोचं पान उघडलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे गाडी विकतायत का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग गाडी घराच्या पुढे का? आणि हे असे का उभे आहेत? शिक्षा केल्यासारखे?" तिने पान डोळ्यांजवळ नेलं. "अय्या, ह्यांच्या कॉलरला पुठ्ठा आहे!"

ती हसली. सुलोचनाताईंनी वाकून बघितलं आणि त्यांनाही हसू आवरेना. मला मावशींचं शेवटचं वाक्य आठवलं. कागदात लिहायचं नव्हतं, तोंडाने सांगायला परवानगी होती. मी सांगितलं. कॅमेरा, गटार, पोहे, सायकलची हवा, मोडलेलं गंठण, सगळं. श्रीपालराव आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. दोन स्थळं भाड्याच्या घरामुळे गेली, तिथे आठ्या सैल झाल्या. घासाघीस केली नाही, तिथे त्यांनी मान हलवली. मुलीच्या लग्नासाठी बहिणीच्या घरातला हिस्सा मागणारा माणूस ते. मुलाच्या लग्नासाठी दुप्पट पैसे देणारी बाई त्यांना वेडी वाटणं शक्यच नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," ते बाईंना म्हणाले. "ही किंमत अक्काच्या घराला लावणं पाप आहे. तुमचा आकडा मान्य."

सुलोचनाताईंनी पदर तोंडाला लावला. पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलंच नाही.

श्रीपालरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फोटोवर बोट ठेवलं.

"मुलगा काय करतो म्हणालात?"

ते गेल्यावर मी रिपोर्टची आमची प्रत कपाटात ठेवायला घेतली. मागच्या गल्लीतल्या घराच्या पानावर फोटो नव्हता. डिंकाचे चार ठिपके तेवढे होते.

"बाई, फोटो पडला वाटतं कुठे."

बाईंनी पान बघितलं. ओठ एका बाजूला मुरडले.

"पडला असेल. जा, नवा रोल घे. काढून आण."

"तोच फोटो?"

"घराचा. स्वतः जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेऊन मागच्या गल्लीत शिरलो. माझी फोटो काढायची जागा आधीच कोणीतरी अडवली होती. त्या घराच्या दारावरूनसुद्धा न जाणाऱ्या सुलोचनाताई बरोबर दारासमोर वाकून उभ्या होत्या आणि चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग घेत होत्या. अंगठा शाबूत होता, हे मला लांबूनही दिसत होतं. शेजारी प्रणिता पर्स पोटाशी धरून घराकडे टक लावून बघत होती.

"तुम्ही इथे?" मी विचारलं.

"श्श! चप्पल तुटलीय माझी," सुलोचनाताई म्हणाल्या. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "काय हो, माझं घर राहिलं ते किती बरं झालं. उद्या ही इथे आलीच, तर हिला हाकेच्या अंतरावर माहेर." आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

एवढ्यात फाटक वाजलं. चौगुले मावशी बाहेर आल्या.

"आता काय राहिलं तुमचं?"

"फोटो, मावशी."

"त्या दिवशी काढला की."

"तो हरवला."

प्रणिताने पर्स आणखी घट्ट धरली. मावशींनी ती पर्स बघितली, मुलगी बघितली, मग वाकलेल्या सुलोचनाताई आणि त्यांची ती धडधाकट चप्पल बघितली. चांगल्या सायकलीची हवा सोडलेल्या घरातली बाई ती. एका क्षणात पदर खांद्यावरून पुढे आला.

"भरतेश!" त्यांनी आत हाक मारली. "लवकर बाहेर ये. आणि कॉलर बघून ये!"

मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही जरा मागं सरका की ओ. मधेच उभारलाय."

मी मागे सरकलो. गटाराचं या वेळी मला आठवलं नाही.